कास्टिंगचा एक्स-रे आणि सव्वादोन वर्षांचा मेंदू

विचारणारे वडील कागल तालुक्यातले, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहेत. मुलगा सव्वादोन वर्षांचा. हाक मारली तर वळत नाही, हवं ते बोटानं दाखवत नाही, आईचा हात धरून तिला फ्रिजपाशी नेतो. शब्द तीन-चारच. गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो. बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमची शंका बोलून दाखवली आहे. पाव्हण्यांपैकी एक जण म्हणतो एमआरआय करा, दुसऱ्यानं मोठ्या शहरातल्या एका सेंटरचं पत्रक पाठवलंय: मेंदूचा रंगीत स्कॅन, त्यावर स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराचं पॅकेज. घरात पाच महिन्यांची धाकटी मुलगी आहे, आणि सहा महिन्यांच्या बाळाच्या स्कॅनवरून ऑटिझम आधीच ओळखता येतो असं त्यांच्या वाचनात आलंय. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देते: "मॅडम, आमच्यात कास्टिंग वरनं चकाचक दिसतंय, पण एक्स-रे मारला की आतला ब्लोहोल कळतो. मग पोराच्या डोक्याचा फोटो काढून एकदाच काय ते बघून का टाकायचं नाही? पैशाचं आम्ही बघतो की."

प्रश्न इतका नेमका आहे की उत्तरही तुमच्याच खात्याच्या भाषेत द्यायचा प्रयत्न करते.

आधी सरळ सांगते. ऑटिझम आहे की नाही हे ठरवायला एमआरआय करू नका. तुम्ही लिहिलंय त्यात फिट नाही, डोक्याचा घेर ठीक आहे, चालणं-पळणं वेळेवर आलं, आलेले शब्द गेलेले नाहीत. अशा मुलाचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो, आणि तो नॉर्मल आला म्हणून ऑटिझम नाही असं ठरत नाही. म्हणजे रिपोर्ट हातात पडल्यावरही तुम्ही आज आहात तिथंच उभे असता. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजीच्या अकादमीनं 2000 सालीच सांगून ठेवलंय की ऑटिझमच्या निदानासाठी सरसकट मेंदूचं इमेजिंग करायला आधार नाही, डोकं मोठं असलं तरीसुद्धा. 2020 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनंही सरसकट एमआरआयची शिफारस केली नाही. मधल्या वीस वर्षांत मशिनं कुठल्या कुठं गेली, सल्ला मात्र तोच राहिला.

एक तपासणी याच आठवड्यात करा: कानाची. हाक मारल्यावर न वळणाऱ्या प्रत्येक मुलाची बेरा टेस्ट व्हायलाच हवी. "टीव्हीवरची जाहिरात लागली की पळत येतो, म्हणजे ऐकू येतंय" हे आज्जीचं निरीक्षण चांगलं आहे, पण काही ठरावीक आवाजांपुरती श्रवणशक्ती कमी असलेली मुलंही असंच करतात.

आता तुमचा ब्लोहोल. फाउंड्रीत एक्स-रेला तुम्ही एकच प्रश्न विचारता: जिथं धातू पाहिजे तिथं पोकळी आहे का? एमआरआय आम्हा डॉक्टरांकडं हेच काम उत्तम करतो. गाठ, रक्तस्राव, जन्मतः राहिलेली रचनेतली खोट, बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा, साठलेलं पाणी. ऑटिझममध्ये असा ब्लोहोल नसतो. तिथला फरक धातूच्या ग्रेनसारखा, म्हणजे आतल्या बारीक कणांच्या रचनेसारखा. नमुना कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरल्याशिवाय ती ग्रेन तुम्हाला दिसत नाही ना? मेंदूतल्या पेशी एकमेकींना कुठं, किती आणि कधी जोडल्या गेल्या, असा तो फरक आहे. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो, आणि तेवढ्या जागेत हजारो पेशी बसतात.

शिवाय तुमचं कास्टिंग थंड झालेलं असतं. इथं ओतकाम अजून चालूच आहे. जन्मताना बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण पाव असतो आणि दोन वर्षांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोचतो. त्या दोन वर्षांत दर महिन्याचं चित्र वेगळं. सहाव्या महिन्याच्या सुमारास तर एक गंमत होते. मोठ्यांच्या एमआरआयमध्ये करडा भाग आणि पांढरा भाग वेगवेगळ्या छटांत दिसतात. नवजात बाळात त्या छटा उलट्या असतात, आणि उलटीच्या सुलट होताना मधे एक काळ असा येतो की दोन्ही भाग जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात. सीमारेषाच पुसून जाते. मोठ्यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तिथं हात टेकतं, म्हणून लहान बाळांच्या स्कॅनसाठी वेगळी सॉफ्टवेअर लिहावी लागली.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बातमीत वाचलेला स्कॅन आणि इथल्या सेंटरवर होणारा स्कॅन, दोन्हीला एमआरआय म्हणत असले तरी कामं वेगळी आहेत. इथले रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी खोट शोधतात. संशोधनात आकडे काढतात: कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या वरच्या घड्याघड्यांच्या सालीची जाडी किती, क्षेत्रफळ किती, पांढऱ्या तंतूंतून पाणी कुठल्या दिशेनं झिरपतं, झोपेत कुठले दोन भाग एका लयीत काम करतात. मग ऑटिझम असलेल्या शंभर मुलांची सरासरी आणि नसलेल्या शंभरांची सरासरी शेजारी ठेवतात. सरासऱ्यांत फरक दिसतो, पण दोन्ही गटांतली मुलं एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की एकच मूल समोर ठेवून ते कुठल्या गटातलं असं विचारलं, तर आकडा गप्प बसतो. अनेक देशांतल्या हजारो स्कॅनचा मेळ घालणाऱ्या एनिग्मा प्रकल्पानं 2018 मध्ये हेच दाखवलं: फरक आहेत, पण बारीक. कोल्हापूरच्या पोरांची सरासरी उंची शेजारच्या जिल्ह्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त निघाली, तर उंची मोजून कुणाचं गाव सांगता येईल का? तसंच हे.

या विषयाचा इतिहासही जरा चकवणाराच आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की त्यातल्या पाच जणांची डोकी मोठी आहेत. 1988 मध्ये एरिक कूर्शेन आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरून सांगितलं की ऑटिझममध्ये छोट्या मेंदूच्या, म्हणजे सेरेबेलमच्या, मधल्या पट्ट्याचा एक भाग लहान असतो. अभ्यासात ऑटिझम असलेले फक्त अठरा जण होते. तेव्हा वाटलं, सापडला एकदाचा ब्लोहोल. पुढं इतरांनी मोजलं तर काहींना तो सापडला, काहींना नाही. त्याच कूर्शेन यांनी 2001 मध्ये दाखवलं की दोन ते चार वर्षांच्या वयात ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचा मेंदू सरासरीपेक्षा मोठा असतो आणि नंतर ती वाढ मंदावते. यात तथ्य निघालं, पण सगळ्यांना लागू पडणारं नाही. शरीराच्या मानानं मेंदू खरोखर मोठा असणं हे ऑटिझम असलेल्या मुलग्यांत साधारण 15 टक्क्यांत दिसतं. उरलेल्या पंचाऐंशींना तुम्ही काय म्हणणार? माझं मत असं झालंय की ऑटिझम हे एका रोगाचं नाव नसून बऱ्याच वेगवेगळ्या वाटांनी एका गावाला पोचलेल्या मुलांचं नाव आहे, आणि त्या सगळ्यांत मिळून एक खूण शोधायला गेलं की हाती अशी पुसट सरासरीच लागते.

आता जरा माझ्या जुन्या दिवसांत शिरते, कारण या कामाची खरी अडचण मशिनमध्ये नाही, मुलाच्या मानेत आहे.

वीस वर्षांपूर्वी मी परराज्यात एका संशोधन गटात दोन वर्षं होते. दीड ते तीन वर्षांच्या मुलांचे स्कॅन. संशोधनासाठी कुणाच्या लेकराला भूल द्यायची नाही हा नियम, आणि तो योग्यच. मग उरते झोप. आईला आठवडाभर आधी मशिनच्या आवाजाची सीडी द्यायची, रोज रात्री हळू आवाजात लावा म्हणून सांगायचं. दुपारी झोपू द्यायचं नाही. रात्री साडेनऊला बोलवायचं, जेवण, अंघोळ, गोष्ट, आणि मशिनच्या शेजारच्या खोलीत अंधार. पोर गाढ झोपलं की कानात मऊ बोळे, वर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, आणि चार जणांनी श्वास रोखून त्याला आत सरकवायचं. मशिन सुरू झालं की ठकठकठक, मग कडकड, आवाज शंभर डेसिबलच्याही वर. लोकांना वाटतं पोर आवाजानं उठत असेल. छे! आपल्याकडं जोतिबाच्या यात्रेत हलगीच्या शेजारी लेकरं आईच्या खांद्यावर ढाराढूर झोपलेली असतातच की. पोर उठायचं ते दोन स्कॅनच्या मधे आवाज थांबला की. मग आम्ही मधल्या शांततेत सीडी वाजवायला लागलो. तीन-तीन रात्री येऊन रिकाम्या हातानं परत गेलेली कुटुंबं मला अजून आठवतात; एकदा पहाटे दोनला एका बापानं मलाच चहा करून दिला होता.

झोपेतल्या स्कॅनमधून कामाच्या गोष्टी निघाल्याही. 2011 मध्ये इलान डिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या छोट्या मुलांत दाखवलं की भाषेशी संबंधित भागांची डावी-उजवी जोडी ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत नेहमीइतकी एका लयीत चालत नाही. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यात मुलाकडून काही करून घ्यायचं नव्हतं, नुसतं झोपायचं होतं.

पण मान. स्कॅन चालू असताना डोकं मिलिमीटरच्या काही अंशानं हललं तरी आकडे बिघडतात, आणि तेही ठरावीक दिशेनं. 2012 मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा बारीक हालचालीमुळं मेंदूतले लांबचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले आणि जवळचे जास्त जोडलेले भासतात. आता गोम बघा. त्या आधीची कित्येक वर्षं ऑटिझमचा एक लाडका सिद्धांत हाच होता: लांबच्या जोडण्या कमी, जवळच्या जास्त. आणि मशिनमध्ये जास्त चुळबुळ कोण करतं? ऑटिझम असलेली मुलं. म्हणजे मेंदूचं म्हणून मोजलेलं काही अंशी मानेचं निघालं असण्याची शक्यता होती. तुमच्या भाषेत, मोजायचा गेजच हलत होता आणि आपण पार्टला नावं ठेवत होतो. सगळे जुने निष्कर्ष कचऱ्यात गेले असं नाही, पण बरेचसे नव्यानं तपासावे लागले. तेव्हापासून मी कुठलाही असा शोधनिबंध हातात आला की आधी हालचालीचा हिशोब कसा ठेवलाय ते बघते, मगच निष्कर्ष वाचते.

तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या गटाचे दोन अभ्यास लागोपाठ आले. त्यांनी ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशी तान्ही बाळं घेतली, कारण त्यांच्यात शक्यता जास्त असते. एका अभ्यासात, हेदर हॅझलेट आणि सहकाऱ्यांच्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याचे स्कॅन घेऊन मेंदूच्या सालीचं क्षेत्रफळ किती झपाट्यानं वाढतंय ते मोजलं आणि कॉम्प्युटरला सांगितलं, दोन वर्षांचं झाल्यावर कुणाला ऑटिझम निघेल ते ओळख. अशा 179 बाळांत 34 जणांना पुढं ऑटिझमचं निदान झालं. कॉम्प्युटरनं त्यातले 30 बरोबर ओळखले. ज्यांना निदान झालं नाही त्या 145 पैकी 7 जणांवर चुकीचा शिक्का बसला. दुसऱ्या अभ्यासात एकच स्कॅन, सहाव्या महिन्यातला, झोपेत: 59 बाळं, त्यातल्या 11 जणांना पुढं ऑटिझम, 9 ओळखले आणि चुकीचा शिक्का एकावरही नाही. आकडे बघून मीसुद्धा खुर्चीत सरळ होऊन बसले होते.

पण तुम्ही क्वालिटीचे आहात, तेव्हा पुढचा हिशोब तुम्हालाच पटेल. पहिल्या अभ्यासात 37 बाळांवर शिक्का, त्यातले 30 खरे. दहातले आठ. उत्तम इन्स्पेक्शन. आता हेच मशिन, एवढंच अचूक आहे असं धरून, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही 1000 बाळांवर लावा. भारतातल्या पाहण्यांवरून ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक धरता येतं, म्हणजे 1000 मध्ये 10. त्यातले 9 पकडले जातील. उरलेल्या 990 मध्ये शंभरी पाच या दरानं चुकीचे शिक्के किती? जवळजवळ 50. म्हणजे 59 आईबापांना बोलावून तुम्ही "ऑटिझम" सांगणार आणि त्यातल्या 50 जणांच्या घरी उगाच चूल पेटणार नाही. मशिन तेच, अचूकता तीच, फक्त लॉट बदलला. डिफेक्ट दुर्मीळ असला की चांगल्या गेजच्याही रिजेक्टमध्ये फॉल्स रिजेक्टचा वाटा वाढतो, हे तुम्ही रोज बघता. आणि हे सगळं ऑटिझम असलेल्या तीसेकच मुलांवरून शिकलेल्या कॉम्प्युटरनं त्याच अभ्यासातल्या मुलांवर दाखवलेलं यश आहे. दुसऱ्या गावच्या मशिनवर, दुसऱ्या बाळांवर ते तसंच टिकेल असं गृहीत धरायला मी तयार नाही. म्हणून हे आजही संशोधनातच आहे, कुठल्या सेंटरच्या रेटकार्डावर नाही.

रेटकार्डावर जे आहे त्याबद्दल आता. ते पत्रक मी नीट वाचलं. त्यातला रंगीत स्कॅन बहुधा स्पेक्ट किंवा पेट प्रकारचा असावा: शिरेतून किरणोत्सारी औषध देतात आणि मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय त्याचं चित्र काढतात. एमआरआयमध्ये किरणोत्सार नसतो, यात असतो. रंग मेंदूतून येत नाहीत, सॉफ्टवेअरमधून येतात. कुठल्या आकड्याच्या खाली निळं आणि वर लाल ते माणूस ठरवतो. तेच चित्र मी बटण फिरवून जास्त निळं करून दाखवू शकते. "हा बघा निळा भाग झोपलाय, उपचारानंतर लाल झाला" हे ऐकायला छान वाटतं, पण मूल त्या दिवशी जागं होतं का, भुलेत होतं का, रडत होतं का, यावरही रंग बदलतो. आणि त्या चित्राच्या शेवटी जे विकायचंय त्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय: ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, आणि तो देणं, त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन समजलं जाईल. दोन-तीन लाखांसाठी ऊसबिल गहाण टाकलेली माणसं माझ्यासमोर बसून गेलीत. त्यांना बोलताना आवाज चढू नये म्हणून मला प्रयत्न करावा लागतो. चूक त्यांची नसते.

माझ्याही हातून चुका झाल्यात. प्रॅक्टिसच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मी एमआरआय लिहून द्यायचे. खरं कारण सांगू? चिठ्ठीवर काहीतरी भारी लिहिलं की आईबापांना वाटायचं डॉक्टरांनी मनावर घेतलंय. गडहिंग्लजकडचं एक अडीच वर्षांचं पोर होतं. झोपेचं औषध देऊन एका सेंटरवर नेलं, तिथं ते निम्म्यात उठलं, पुन्हा तारीख, पुन्हा उपाशी ठेवणं, पुन्हा औषध. महिना गेला. रिपोर्टात एक ओळ: दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांच्या मागच्या कोपऱ्यापाशी पांढरे डाग. ते कुटुंब ती ओळ घेऊन तीन डॉक्टरांकडं फिरलं, एकानं टॉनिक लिहिलं, एकानं पुन्हा एमआरआय. मुळात त्या जागी तंतूंवरचं आवरण सगळ्यांत शेवटी तयार होतं, त्यामुळं लहान मुलांत तिथं असा डाग दिसणं पुष्कळदा नेहमीचंच. तसंच "डोक्याभोवती पाण्याची जागा किंचित जास्त" हे. तान्ह्या बाळांत हे वरचेवर दिसतं आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. संशोधनात ऑटिझम होणाऱ्या काही बाळांत हे पाणी सरासरीनं जास्त आढळलं, हेही खरं, पण त्यावरून एका बाळाबद्दल काही बोलता येत नाही. गडहिंग्लजचं ते पोर थेरपीला आलं तेव्हा सव्वातीन वर्षांचं झालं होतं. ते नऊ महिने माझ्या खात्यावर आहेत.

मग एमआरआय लिहून देतच नाही का? देते की. फिट येत असतील, डोक्याचा घेर फार लहान असेल किंवा भराभर वाढत असेल, एक हात किंवा पाय कमी वापरत असेल, चांगलं बोलणारं-चालणारं मूल मागं जात असेल, तर लगेच. आणि अंगावर पांढरट, पानाच्या आकाराचे चट्टे असतील तरीही. मागं राधानगरीकडच्या एका मुलाच्या पाठीवर असे पाच-सहा चट्टे होते, घरच्यांना वाटत होतं जंताचे. एमआरआयमध्ये ट्युबरस स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मेंदूसह बऱ्याच अवयवांत गाठी करणाऱ्या जनुकीय आजाराच्या, गाठी निघाल्या. ऑटिझमचं निदान त्याच्या वागण्यावरून आधीच झालं होतं. एमआरआयनं फिटचा धोका कळला आणि किडनी, हृदय तपासायचं कळलं. असं कारण असेल तर भुलेची भीती बाळगायची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार भूल देण्याबद्दल. अर्ध्या-पाऊण तासाची एक वेळची भूल भूलतज्ज्ञ हजर असताना, ऑक्सिजनचा मॉनिटर लावून दिली तर ठीक आहे. भूलतज्ज्ञ नसताना बाटलीतलं झोपेचं औषध पाजून कॉरिडॉरमध्ये बसवणार असतील, तर उठून घरी या.

तुमच्या मुलाचं निदान कसं होणार, हे राहिलं. तासभर खाली सतरंजीवर बसून. मी फुगे उडवेन, फुगवलेला फुगा सोडून देईन, आणि तो पुन्हा हवा म्हणून माझ्याकडं बघतो की नुसता फुग्याकडं, ते बघेन. तुम्हाला शेकडो प्रश्न विचारेन. मग इसा नावाची आपल्याकडं वापरली जाणारी मोजपट्टी, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही, वर असेल तर किती ते ठरतं. सरकारी प्रमाणपत्रही याच गुणांवर मिळतं, कुणी एमआरआयची फिल्म मागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, त्याची चौकशी करा. प्रमाणपत्र झालं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. गावात अंगणवाडी तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीतही नाव घाला.

पण निदानाच्या कागदासाठी थांबू नका. थेरपी सोमवारपासून सुरू करता येते, शंकेवरच. एमआरआय आणि भुलेच्या पैशांत महिना-दीड महिन्याची थेरपी होते, आणि तीही निम्मी तुमच्याच घरात होणार आहे. आंबोली उतरून खाली गोव्यात, आणि पाकिस्तानात रावळपिंडीत, एक अभ्यास झाला. 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथं तज्ज्ञ नव्हते. साध्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना मुलाशी खेळताना त्याच्या मागं कसं जायचं ते शिकवलं. आईबापांचं वागणं बदललं आणि मुलं स्वतःहून त्यांच्याकडं जास्त वळायला लागली. मुलं 65, म्हणजे लहानच अभ्यास. पण आपल्यासारख्या घरांतला आहे, म्हणून मला तो सहा महिन्यांच्या स्कॅनपेक्षा जवळचा वाटतो. चाकं फिरवतोय ना, तुम्ही शेजारी दुसरी गाडी घेऊन बसा, तुम्हीही फिरवा. तो थांबला की थांबा. त्यानं तिरक्या नजरेनं तुमच्या चाकाकडं बघितलं, तर तिथून सुरुवात.

कुणी खरंच संशोधनासाठी तुमच्या मुलाचा स्कॅन मागितला तर सरळ नाही म्हणू नका. आपल्याकडच्या लहान मुलांची अशी मोजणी फार थोडी झालीय आणि जगातली बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेतल्या घरांतून आलीय. फक्त विचारा: नैतिकता समितीची मान्यता आहे का, भूल देणार का, पैसे मागणार का, आणि मधेच नको म्हटलं तर चालेल का. भुलेला आणि पैशांना "हो" असेल तर ते संशोधन नव्हे.

आता धाकटी. मोठ्या भावाला ऑटिझम असेल तर पुढच्या भावंडात शक्यता साधारण पाचात एक, मुलींमध्ये त्याहून कमी. म्हणजे ज्या बाळांवर ते अभ्यास झाले, तुमची मुलगी नेमकी तशीच आहे. तरीही तिचा स्कॅन नको, कारण तो करून तुम्ही वेगळं काय करणार? तिच्याशी बोलणार, खेळणार, लक्ष ठेवणार. ते स्कॅन न करताही करायचंच आहे. नवव्या महिन्यात तिला घेऊन या. तोवर पदराआडून "भ्वॉ" केल्यावर ती हसते का, तुमच्या डोळ्यांत बघून आवाज काढते का, ते वहिनींना बघत राहू दे. वर्षाची झाली की नावाला वळते का. दारातला काऊ तुम्ही दाखवला तर काऊकडं बघते का तुमच्या बोटाकडं, आणि पंधराव्या महिन्यापर्यंत ती स्वतः बोट करून तुम्हाला काऊ दाखवते का. अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात एम-चॅट या ऑटिझमच्या प्राथमिक चाचणीचे वीस प्रश्न मी विचारेन.

मुलाला बुधवारी दुपारी आणा, झोप झाल्यावर. त्याची उलटी करायची गाडी बरोबर घ्या, आणि मोबाइलवर तो जेवताना, आज्जीपाशी असताना आणि एकटा खेळताना असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा. बेराचा कागद झाला असेल तर तो. पत्रक घरीच राहू दे.